चांदीचे धाकटे भावंड

स्पॅनिश भाषेत 'प्लाता' हा एक शब्द आहे. त्याचा कोशातला पहिला अर्थ चांदी. पण दक्षिण अमेरिकेतल्या बाजारात कोणी 'प्लाता नाही' म्हणाला, तर त्याच्या खिशात पैसे नाहीत असे समजावे. आपल्याला याचे नवल वाटायला नको. आपला रुपयाही रुप्यावरूनच आला. गंमत अशी, की मुळात 'प्लाता'चा चांदीशी संबंधच नव्हता. लॅटिन बोलीतल्या 'सपाट' अशा अर्थाच्या शब्दावरून तो आला. आधी धातूचा ठोकलेला पत्रा, मग चांदीचा पत्रा आणि शेवटी नुसती चांदी. जेवणाच्या बशीला स्पॅनिशमध्ये 'प्लातो' म्हणतात, तोही याच घराण्यातला.

सोळाव्या शतकात हा शब्द समुद्रापार गेला. आजच्या अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्यामधल्या विशाल नदीमुखाला स्पॅनिशांनी 'रिओ दे ला प्लाता', म्हणजे चांदीची नदी, असे नाव दिले. स्थानिक लोकांकडे चांदीच्या वस्तू दिसल्या, तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला चांदीचा देश असणार, अशी त्यांची समजूत झाली. नदीकाठी चांदी नव्हतीच. मोठा साठा १५४५ साली सापडला तो दूर अँडीज पर्वतात, पोटोसीला. नाव मात्र राहिले. चांदीच्या लॅटिन नावावरून देशाचे नाव अर्जेंटिना पडले; चांदीची Ag ही संज्ञाही त्याच लॅटिन नावातली, हे वर्गात सांगण्याजोगे आहे.

आता या शब्दाच्या लेकराकडे वळू. आजच्या कोलंबियातील चोको भागात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून नदीची वाळू धुऊन सोने काढले जाई. सोन्याच्या कणांत पांढरे, जड कण मिसळलेले असत. ते भट्टीत वितळत नसत, पाऱ्यातही मिसळत नसत. या उपद्रवी कणांना खाणवाल्यांनी नाव दिले 'प्लातिना': छोटी चांदी, किंवा त्यांच्या मनातल्या सुरात सांगायचे तर किरकोळ चांदी.

सरकारला चिंता वेगळीच होती. सोन्याची घनता १९.३, तर या धातूची २१.४. सोन्यात तांबे किंवा चांदी मिसळली तर ते हलके होते आणि लबाडी वजनावरून पकडता येते. 'प्लातिना' मिसळली तर वजन घटत नाही! म्हणून टांकसाळींत सोन्यातून वेगळी काढलेली 'प्लातिना' साक्षीदारांसमोर नदीत फेकून देण्याचा हुकूम निघाला. आज ज्याच्यासाठी कारखाने धडपडतात, तो धातू असा गाळात गेला.

युरोपला त्याची छापील ओळख करून दिली आंतोनिओ दे उयोआ या नौदल अधिकाऱ्याने. पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी विषुववृत्तावर गेलेल्या फ्रेंच मोहिमेत तो स्पेनतर्फे होता. त्याचे प्रवासवर्णन १७४८ साली प्रसिद्ध झाले. पण या धातूचे पहिले जाणकार तो नव्हे आणि युरोपातले रसायनशास्त्रज्ञही नव्हेत. इक्वेडोर-कोलंबियाच्या किनाऱ्यावरील ला तोलिता येथील कारागीर स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधी प्लॅटिनमचे दागिने घडवत होते. १७६८ अंश सेल्सिअस तापमान त्यांच्या भट्टीत शक्य नव्हते. त्यांनी तो धातू वितळवलाच नाही. प्लॅटिनमच्या कणांत सोन्याची भुकटी घालून ते तापवत. सोने वितळून कणांना सांधे, मग ठोकणे, पुन्हा तापवणे. हे तंत्र डेन्मार्कच्या पॉल बर्गसोने १९३०च्या दशकात उलगडले. युरोपात ठोकून आकार देण्याजोगा प्लॅटिनम हुकमी तयार करायला १७८० चे दशक उजाडले. स्पेनमध्ये काम करणाऱ्या शाबानो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते जमले, आणि तेच स्पॅनिश सरकार आता नदीत फेकण्याऐवजी 'प्लातिना' गोळा करू लागले.

१७९९ साली फ्रान्सने किलोग्रॅमचे प्रमाण वजन घडवले, ते याच धातूचे. स्पॅनिश भाषेत त्याला आता 'प्लातिनो' म्हणतात. 'छोटी चांदी' हे नाव मागे पडले.