तबकडी-चालक, युनिक्स प्रणालीतील
संगणकाच्या परिचालन प्रणालीकडे आलेली वाचन-लेखनाची मागणी तबकडीच्या यंत्रणेस समजतील अशा आज्ञांत रूपांतरित करणारी, त्या पार पाडून घेणारी व त्यांचा निष्कर्ष परत कळविणारी आज्ञावली. ‘डिस्क ड्रायव्हर’ या नावानेही ती ओळखली जाते. चालकामुळे निरनिराळ्या बनावटींच्या तबकड्या उपयोजकास एकसारख्या दिसतात. मात्र ज्या व्यवस्थेने ही सोय साधली, तिच्यामुळेच ‘लेखन झाले’ असे कळणे आणि तबकडीवर प्रत्यक्ष लेखन होणे यांत अंतर पडले. हे अंतर सुरक्षित कसे करावयाचे, हा या विषयाच्या इतिहासातील प्रमुख प्रश्न होय.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ या संगणकावर युनिक्सचा आरंभ केला. पुढे ती पीडीपी-११ या संगणकावर आणण्यात आली व १९७३ मध्ये तिचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला. १९७५ मधील सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याची संहिता आणि तीवरील भाष्य सिडनी येथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये सिद्ध केले. त्यात आरके०५ या तबकडीच्या चालकाचे विवेचन असल्याने तत्कालीन कार्यपद्धती नेमकी कळते.

कार्यपद्धती : युनिक्समध्ये प्रत्येक उपकरण एखाद्या संचिकेसारखे दिसते. या संचिकेशी दोन क्रमांक निगडित असतात : प्रधान क्रमांकावरून कोणता चालक वापरावयाचा हे ठरते, तर गौण क्रमांकावरून त्या चालकाच्या ताब्यातील नेमकी तबकडी ठरते. गाभ्यातील एका कोष्टकात प्रत्येक चालकाच्या कार्यांचे पत्ते असतात. प्रणालीचा उर्वरित भाग चालकाकडे केवळ ‘अमुक क्रमांकाचा खंड वाचा किंवा लिहा’ एवढीच मागणी करतो.

आरके०५ तबकडीला २०३ सिलिंडर, दोन पृष्ठे व प्रत्येक मार्गावर १२ विभाग असत; म्हणजे ५१२ बाइटांचे एकूण ४,८७२ खंड होत. मागणीतील क्रमांक या मर्यादेत आहे की नाही, हे चालक प्रथम पाही आणि मागणी रांगेच्या शेवटी ठेवी. यंत्रणा मोकळी असल्यास खंडक्रमांकाला भागून सिलिंडर, पृष्ठ व विभाग काढले जात आणि स्मृतीतील पत्ता, शब्दसंख्या व आज्ञा नियंत्रकाच्या नोंदकांत भरल्या जात. त्यानंतर मध्यवर्ती संस्कारक दुसऱ्या कामास मोकळा होई. काम संपताच नियंत्रक व्यत्यय-संकेत देई. त्रुटी आढळल्यास चालक दहा वेळा पुन्हा प्रयत्न करी. तरीही यश न आल्यास त्या मागणीवर त्रुटीची खूण करी. मग रांगेतील पुढची मागणी हाती घेतली जाई. नंतरच्या अनेक चालकांत मागण्या आगमनाच्या क्रमाने न घेता सिलिंडरच्या क्रमाने लावण्यात आल्या. त्यामुळे वाचन-लेखन शीर्षाची अनावश्यक धाव वाचली.

मर्यादा : तबकडी संथ असल्याने चालक आणि उपयोजक यांच्यामध्ये स्मृतीतील बफरांचा संच ठेवलेला असे, सहाव्या आवृत्तीत त्यांची नेहमीची संख्या १५ होती. लेखन बफरात होताच कार्यक्रम पुढे जाई. बदललेले बफर तबकडीवर उतरविण्याची आज्ञा एक स्वतंत्र कार्यक्रम दर ३० सेकंदांनी देई. या अवधीत वीज गेल्यास लेखन नष्ट होई. तसेच त्रुटी चालकास कळे, तेव्हा मूळ कार्यक्रम पुढे निघून गेलेला असे. इशारा उमटे तो केवळ प्रचालकाच्या पटलावर. अशा व्यवस्थेत उपयोजकास त्रुटी अर्थपूर्ण रीतीने कळविणे जवळजवळ अशक्य होते, हे टॉम्सन यांनी १९७८ मध्ये स्वतःच नमूद केले होते.

उत्तरकालीन विकास : बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत (१९८३) ‘एफसिंक’ ही सुविधा आली. तिच्यामुळे संचिकेतील बदल तबकडीकडे रवाना होईपर्यंत थांबणे कार्यक्रमास शक्य झाले. १९९१ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्समध्येही चालक, रांग आणि बफर हीच मूळ रचना दिसते. फिरत्या तबकडीची जागा अर्धसंवाहक स्मृती घेऊ लागल्यावर एकच रांग अपुरी पडली. म्हणून लिनक्सच्या ३.१३ या आवृत्तीत (२०१४) अनेक रांगांची योजना समाविष्ट झाली.

वेग वाढला, तरी मूळ प्रश्न उरला. लिनक्सवर पार्श्वभूमीत झालेले लेखन फसल्यानंतर एफसिंकची दुसरी हाक यशस्वी ठरू शकते, असे पोस्टग्रेस या विदा-आधार प्रणालीच्या विकासकांना २०१८ मध्ये आढळले. पहिल्या हाकेला मिळालेली त्रुटी तात्पुरती समजून पुन्हा प्रयत्न करणाऱ्या कार्यक्रमास त्यामुळे हरवलेली माहिती सुरक्षित वाटे. २०१९ पासून पोस्टग्रेस अशा त्रुटीनंतर काम थांबवून आधी लिहून ठेवलेल्या नोंदींवरून माहिती पुन्हा उभी करते. चालकाने दिलेला त्रुटीचा निरोप मागणी करणाऱ्यापर्यंत पोहोचला, तरच बँकेची वा रुग्णालयाची नोंद विश्वसनीय ठरते.