तेलविहिरींचे उद्रेक व त्यांचे नियंत्रण, खोल समुद्रातील

खनिज तेलाच्या विहिरीतून भूस्तरांतील दाबामुळे तेल व वायू अनियंत्रितपणे उसळून बाहेर पडणे, यास उद्रेक म्हणतात. विहीर खोदली जात असताना तिच्यात भरलेल्या जड चिखलाच्या स्तंभाचा भार खडकांतील दाबाला तोलून धरतो. हा तोल ढळला की तेल वर सरकू लागते आणि त्याच्याबरोबरचा वायू वर येताना झपाट्याने प्रसरण पावत असल्यामुळे परिस्थिती थोड्याच अवधीत हाताबाहेर जाते. जमिनीवरील विहिरीच्या तोंडाशी माणसे व यंत्रे निदान पोहोचू तरी शकतात, दीड किमी. पाण्याखाली पाणबुड्याही उतरू शकत नाही. तेथील प्रत्येक काम दूरनियंत्रित यानांच्या पोलादी हातांनीच करावे लागते. अशा वेळी लागणारी सामग्री अगोदर घडवून सज्ज ठेवली पाहिजे, हा विचार तेल उद्योगात २०१० सालच्या दुर्घटनेनंतरच खऱ्या अर्थाने रुजला.

टेक्सस राज्यातील स्पिंडलटॉप येथे १० जानेवारी १९०१ रोजी उसळलेला तेलाचा फवारा नऊ दिवस आवरता आला नाही. त्या काळी असा फवारा म्हणजे अरिष्ट नव्हे, तर भाग्योदय मानला जाई. मात्र वाया जाणारे तेल, आगी व कामगारांचे मृत्यू यांमुळे ही दृष्टी बदलली. १९२२ मध्ये ह्यूस्टन येथील जेम्स ॲबरक्रॉम्बी व हॅरी कॅमरन यांनी उद्रेकरोधक यंत्र तयार केले. विहिरीच्या तोंडावर समोरासमोर बसविलेले दोन ठोकळे दाब देऊन आत सरकवावयाचे व मधल्या नळीभोवती घट्ट आवळून वाट बंद करावयाची, अशी त्याची साधी योजना होती. या ठोकळ्यांना रॅम म्हणतात. पुढे नळी कापून विहीर मिटविणारे धारदार रॅमही आले. दुसरा मार्ग १९३४ मध्ये टेक्ससमधीलच कॉनरो येथे जॉन ईस्टमन यांनी दाखविला. त्यांनी उफाळलेल्या विहिरीपासून दूर दुसरी विहीर तिरपी खोदून तिच्यातून पहिलीच्या तळाशी पाणी दाबले व उद्रेक थांबविला. अशा साहाय्यक विहिरीस रिलीफ वेल म्हणतात. तोंडाशी झडप व तळाशी तिरपी विहीर या दोन उपायांवरच पुढील पाऊणशे वर्षे उद्योगाची भिस्त राहिली.

तोंड बंद केले म्हणजे काम संपले असे नव्हे, हे २८ जानेवारी १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील सँता बार्बरा किनाऱ्यालगत दिसून आले. तेथील विहिरीत नियमातून सवलत घेऊन पोलादी अस्तर-नळ कमी खोलीपर्यंतच बसविलेला होता. उद्रेक होताच कामगारांनी विहिरीचे तोंड मिटविले. परंतु कोंडलेले तेल आजूबाजूच्या कच्च्या थरांत शिरून समुद्रतळाला पडलेल्या भेगांतून वर येऊ लागले. विहीर दहा-अकरा दिवसांत आवरली, तरी ही झिरपण पुढे कित्येक महिने चालू होती.

मेक्सिकोच्या काम्पेचे उपसागरातील इक्स्तोक-१ या विहिरीचा उद्रेक ३ जून १९७९ रोजी सुरू झाला व २३ मार्च १९८० रोजी थांबला. येथे पाणी अवघे सु. ५० मी. खोल होते. विहिरीत चिखल दाबून पाहिला, पोलादाचे व शिशाचे गोळे सोडले, ‘सोंब्रेरो’ या टोपीच्या नावाने ओळखले जाणारे प्रचंड पोलादी नरसाळे तेलाच्या लोटावर धरले. यांपैकी कशानेही उद्रेक थांबला नाही आणि अखेर रिलीफ वेलच कामी आल्या. तोवर सु. ३० लक्ष पिंप तेल समुद्रात गेले होते (१ पिंप = सु. १५९ लि.). भारतात जुलै १९८२ मध्ये मुंबई हाय क्षेत्रात ‘सागर विकास’ या वेधन मंचावर उद्रेक होऊन आग लागली होती. तिमोर समुद्रातील माँटारा विहीर ऑगस्ट २००९ पासून दहा आठवड्यांहून अधिक काळ वाहत राहिली. तीही रिलीफ वेलनेच बंद झाली.

मधल्या तीस वर्षांत वेधनाचे तंत्र शंभर-दोनशे मीटरांवरून दोन-तीन हजार मीटर खोल पाण्यात जाऊन पोहोचले. उद्रेक आवरण्याचे तंत्र मात्र जवळजवळ होते तेथेच राहिले. उद्रेकरोधक ऐनवेळी निकामी होणारच नाही, हे जणू गृहीतच धरलेले होते.

मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपी नदीच्या मुखापासून आग्नेयेस सु. १,५०० मी. खोल पाण्यात बीपी कंपनीची मॅकाँडो ही विहीर होती. ती खोदणाऱ्या ‘डीपवॉटर होरायझन’ या तरत्या मंचावर २० एप्रिल २०१० रोजी स्फोट होऊन ११ जण मृत्यू पावले व दोन दिवसांनी मंच बुडाला. समुद्रतळावरचा उद्रेकरोधक जागच्या जागी उभा होता, पण विहीर बंद झाली नाही. पुढे तो वर काढून तपासला असता आतील वेधननळी वाकून एका बाजूस सरकल्यामुळे धारदार रॅमच्या पात्यांत पुरती सापडली नव्हती, असे दिसले. त्याच्या नियंत्रण-संचात क्षीण झालेली घटमाला व तारजोडणीतील चुकाही आढळल्या.

मेच्या आरंभी दोन रिलीफ वेलींपैकी पहिलीचे काम सुरू झाले. पण त्यांना काही महिने लागणार होते. तोपर्यंत काय करावयाचे, याचे उत्तर कोणापाशीच तयार नव्हते. सु. १२ मी. उंचीची पोलादी पेटी गळतीवर उपडी ठेवण्याचा प्रयत्न ७ मे रोजी सुरू झाला. त्या खोलीवर दाब सु. १५० वातावरणांइतका व तापमान चार-पाच अंश से. असते. अशा स्थितीत मिथेन वायू पाण्याशी संयोग पावून त्याचे बर्फासारखे हायड्रेट बनते. त्याने पेटीचे तोंड तुंबले व ते पाण्याहून हलके असल्याने पेटी वर उचलली जाण्याचा धोका निर्माण झाला. मेच्या अखेरीस वरून जड चिखल व रबराचे तुकडे दाबण्यात आले. इक्स्तोकचीच ही पुनरावृत्ती होती आणि फळही तेच मिळाले. दिवसाला ५,००० पिंपे तेल वाहते, हा त्या वेळचा अंदाज होता. प्रत्यक्ष प्रवाह ५० ते ६० हजारांच्या घरात असल्याचे नंतर ठरले. एवढ्या लोटापुढे चिखलाचा टिकाव लागणे शक्यच नव्हते. जूनमध्ये तुटका रायझर नळ कापून त्यावर एक टोपी बसविली व काही तेल जहाजावर घेतले. या वेळी हायड्रेट बनू नये म्हणून मिथेनॉल सोडण्याची व्यवस्था केलेली होती.

अखेर तीन रॅमांचे एक छोटे उद्रेकरोधक १२ जुलै रोजी जुन्या उद्रेकरोधकाच्या माथ्यावर बसविण्यात आले. यासच कॅपिंग स्टॅक म्हणतात. १५ जुलै रोजी त्याच्या झडपा मिटल्या आणि ८७ दिवसांनी तेल थांबले. परंतु विहिरीतील दाब अपेक्षेइतका चढला नाही. अस्तर-नळ फुटून तेल सँता बार्बराप्रमाणे तळातून निसटत असेल, तर झडपा ताबडतोब उघडणे भाग होते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील पॉल शे यांनी रात्रभर गणित करून, इतके दिवस तेल वाहिल्याने साठ्यातील दाबच घटला असावा, असे दाखविले. त्यामुळे विहीर मिटलेली ठेवण्यात आली. पुढे ऑगस्टमध्ये वरून चिखल व सिमेंट भरले आणि १९ सप्टेंबर रोजी रिलीफ वेलमार्गे तळ बुजविल्यावर ती कायमची बंद झाल्याचे जाहीर झाले. समुद्रात गेलेले तेल न्यायालयाने २०१५ मध्ये ३१·९ लक्ष पिंपे ठरविले; शासकीय अंदाज याहून बराच अधिक होता.

म्हणजे जे साधन उपयोगी पडले त्यात मूलतः नवे काही नव्हते. ते त्या आकाराचे, त्या जोडणीचे व त्या खोलीस चालेल असे तयार नव्हते, इतकेच. जुलै २०१० मध्येच चार मोठ्या तेल कंपन्यांनी मरीन वेल कंटेनमेंट कंपनीची योजना जाहीर केली. विहीर आवरण्याची सामग्री उपलब्ध असल्याचे दाखविल्याखेरीज खोल पाण्यातील वेधनास अमेरिकेत परवानगी मिळेनाशी झाली. ब्रिटनमध्ये २०११ साली असाच स्टॅक तयार झाला आणि २०१३ पर्यंत नॉर्वे, ब्राझील, दक्षिण आफ्रिका व सिंगापूर येथे स्टॅक ठेवण्यात आले. यांतील मोठे स्टॅक सु. १०० टन वजनाचे असून १५,००० पौंड दर चौ. इंचास इतका दाब पेलू शकतात. केवळ बंद करून भागत नसेल तर, म्हणजे अस्तर-नळ कच्चा असेल तर, तेल बाजूच्या नळ्यांतून जहाजांकडे वळविण्याची सोय त्यांत असते.

या साधनांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. विहिरीचे मुखच वाकले वा मंचाच्या अवशेषांखाली गाडले गेले, तर प्रथम ते मोकळे करावे लागते. उथळ पाण्यात वर येणाऱ्या वायूमुळे विहिरीच्या थेट माथ्यावर जहाज उभेच करता येत नाही. या बाबतीत खोल पाणी, विचित्र वाटले तरी, सोयीचे ठरते. अलास्काजवळील वेधनासाठी शेल कंपनीने बनविलेला घुमट २०१२ साली वॉशिंग्टन राज्याच्या शांत पाण्यातील चाचणीतच चेपला गेला होता. स्टॅक बसविल्यानंतरही रिलीफ वेलची आवश्यकता सहसा टळत नाही.

मुंबई हाय येथे पाणी ७०–८० मी. खोल असून विहिरींची तोंडे बहुतांशी पाण्यावरच्या मंचांवर आहेत. तेथे या सामग्रीचा फारसा संबंध येत नाही. भारताच्या पूर्व किनाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तेल व नैसर्गिक वायू निगमाने २०१३ मध्ये तेथे ३,००० मी. हून अधिक खोल पाण्यात विहीर खोदली आणि कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या खोल पाण्यातील निगमाच्या क्षेत्रातून जानेवारी २०२४ मध्ये तेल निघू लागले. वर उल्लेखिलेल्या चार ठिकाणांपैकी या किनाऱ्यास सर्वांत जवळचे ठिकाण सिंगापूर हे होय.