दारुल तर्जुमा : १९१७ सालची एक नेमणूक आणि आजचे ‘एआय प्रमुख’

विद्यापीठांत सध्या एक नवे पद अवतरले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेने २०२४ साली विदा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांसाठी स्वतंत्र प्रमुख नेमला. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने एआय विद्यापीठाच्या उभारणीसाठी कृतिदल स्थापन केले. नव्या विद्येची सूत्रे कोणाच्या हाती द्यावीत, यावर आता चर्चा रंगते. चाकूरसारख्या गावातून पाहिले तर हा प्रश्न मुळीच नवा नाही. आपला मुलूख निजामाच्या राज्यात असताना तो एकदा सोडवला गेला होता. त्याचीच ही गोष्ट.

१९१७ साली हैदराबाद संस्थानाचे गृहसचिव अकबर हैदरी यांनी निजामापुढे एक प्रस्ताव ठेवला. उच्च शिक्षण उर्दूतून द्यावे आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय असावा, असा त्याचा आशय होता. मीर उस्मान अली खान यांनी तो मान्य केला. त्यातून उस्मानिया विद्यापीठ जन्मले. ब्रिटिश भारतातील विद्यापीठे इंग्रजीतून शिकवत असताना देशी भाषेत गणित, रसायन आणि वैद्यक शिकवण्याचे हे धाडस होते. अडचण एकच होती, आणि ती फार मोठी होती. पुस्तकेच नव्हती.

म्हणून १९१७ मध्येच ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे अनुवाद विभाग स्थापन झाला आणि त्याच्या प्रमुखपदी मौलवी अब्दुल हक यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ आपल्याला परके नाहीत. ते औरंगाबादेत शिक्षण खात्यात निरीक्षक होते आणि ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ ही संस्था तिथूनच चालवत होते. पुढे ते औरंगाबादच्या महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. शास्त्रज्ञ मात्र ते नव्हते. रसायनातले समीकरण त्यांना सोडवता आले असते असे मला वाटत नाही, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही नव्हती. नवी विद्या कोणत्या शब्दांनी वर्गात शिरेल, हे ठरवण्याचे काम त्यांच्याकडे होते.

या नेमणुकीतली सर्वांत शहाणी गोष्ट तिच्या वेळेत दिसते. विभाग १९१७ चा, वर्ग भरू लागले १९१९ मध्ये. विद्यार्थी बाकावर बसण्याआधीच अनुवादक कामाला लागले होते. पदासोबत माणसे, पैसा आणि परिभाषा ठरवणाऱ्या समित्या दिल्या गेल्या. त्या समित्यांतले वाद आजही वाचण्यासारखे आहेत. नवा शब्द अरबीच्या धातूवरून घडवावा, की उर्दूच्या स्वतःच्या, हिंदी वळणाच्या प्रत्ययांनी? वहीदुद्दीन सलीम यांनी याच विषयावर ‘वजए इस्तिलाहात’ हा ग्रंथ १९२१ मध्ये लिहिला. कवी जोश मलिहाबादी यांनीही काही वर्षे याच विभागात नोकरी केली. शेकडो ग्रंथ उर्दूत आले. अर्थशास्त्राला ‘मआशियात’ म्हणणे उर्दू जगतात आज इतके रुळले आहे की तो कधी घडवलेला शब्द होता, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. संस्थानात उर्दू मातृभाषा असलेले लोक दहा-बारा टक्क्यांच्या आसपास होते. मराठी बोलणारे सुमारे पाव होते आणि तेलुगू बोलणारे त्याहून पुष्कळ अधिक. अब्दुल हकांच्या विभागाने ‘देशी भाषा’ हा शब्द प्रामाणिकपणे वापरला असेल, पण त्या शब्दात आपली मराठी नव्हती. मराठवाड्यातल्या मुलाने भौतिकशास्त्र शिकायचे तर आधी उर्दू आत्मसात करायची. इंग्रजीच्या जागी दुसरी भिंत उभी राहिली, एवढाच त्याच्यापुरता फरक.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात सामील झाले. त्यानंतर लवकरच उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले आणि तीन दशकांची ती परिभाषा विज्ञानाच्या वर्गांतून बाहेर पडली. चाकूरचे शिवराज पाटील (जन्म १९३५) उस्मानियाचे विज्ञान पदवीधर. त्यांच्या वेळेपर्यंत हा बदल होऊन गेला होता. १९८० च्या दशकात तेच केंद्रात विज्ञान-तंत्रज्ञान आणि इलेक्ट्रॉनिक्स या खात्यांचे राज्यमंत्री होते, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. म्हणजे या मुलखाने उर्दूतले विज्ञान पाहिले, इंग्रजीतले पाहिले. मराठीची पाळी दोन्ही वेळा आली नाही.

पुढचे टप्पे झपाट्याने सांगतो. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि मुंबई विद्यापीठाच्या प्रशासनात मुरलेले एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि विषयाने इंग्रजी साहित्याचे अभ्यासक. चाकूरची महाविद्यालये आज याच विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

दारुल तर्जुमाचे काम आता यंत्रे करू लागली आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘अनुवादिनी’ ही प्रणाली पाठ्यपुस्तकांचे भारतीय भाषांत भाषांतर करते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘अस्मिता’ प्रकल्पाचे उद्दिष्ट पाच वर्षांत २२ भाषांत २२ हजार पुस्तकांचे आहे. आकडा पाहून अब्दुल हक अचंबित झाले असते. पण ‘मआशियात’ की आणखी काही, यावर तावातावाने भांडणारी समिती यंत्रापाशी कुठे बसते, हेही त्यांनी लगेच विचारले असते.

आपल्या भागातल्या विद्यापीठाने उद्या असा प्रमुख नेमला, तर त्याच्यासाठी काम तयार आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात निजामकालीन नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे गोळा करावी लागली. घराण्यांच्या हक्कांचा निकाल त्या कागदांवर अवलंबून होता, आणि ते वाचू शकणारे बोटांवर मोजण्याइतके. हस्तलिखित उर्दू आणि मोडी वाचायला यंत्राला शिकवायचे, तर आधी हजारो पाने जाणकारांनी अक्षर लावून उतरवून द्यावी लागतात. ते जाणकार आज वयोवृद्ध आहेत.