त्रुटिगणना, प्रकारवार (वेब स्क्रेपरमधील)

संकेतस्थळांवरून आपोआप माहिती गोळा करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे वेब स्क्रेपरमध्ये, पुन्हापुन्हा येणाऱ्या चुका प्रकारानुसार वेगवेगळ्या मोजण्याची पद्धत. पायथॉनमध्ये यासाठी ‘कलेक्शन्स’ मोड्यूलमधील ‘काउंटर’ वापरतात. तो २.७ आणि ३.१ या आवृत्त्यांपासून भाषेसोबतच मिळतो.

त्रुटीचा संदेश मोजू नये. त्यात बहुधा पानाचा पत्ता असतो आणि एकाच कारणाच्या शंभर चुका शंभर वेगळ्या नोंदी होऊन बसतात. एक्सेप्शनच्या, म्हणजे पायथॉनने उभ्या केलेल्या त्रुटीच्या, वर्गाचे नाव हा गणनेचा आधार धरावा. एचटीटीपीची त्रुटी असेल तर त्याला स्थितिक्रमांकही जोडावा. ४०४ म्हणजे पान सापडले नाही, ४२९ म्हणजे आपण फार वेगाने मागण्या करतो आहोत, ५०३ म्हणजे सर्व्हर तूर्त सेवा देऊ शकत नाही. तिन्हींवरचे उपाय निराळे, म्हणून त्यांची बेरीज एकत्र करण्यात अर्थ नाही.

‘रिक्वेस्ट्स’ या लोकप्रिय लायब्ररीत जोडणीचा टाइमआउट हा ‘टाइमआउट’ आणि ‘कनेक्शन एरर’ या दोन्ही वर्गांचा वारस आहे. कोणता वर्ग आधी पकडला, यावर तो कोणत्या रकान्यात पडेल हे ठरते. शिवाय टाइमआउटची मुदत दिलीच नाही, तर प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहत अडकून राहू शकतो आणि मोजायला त्रुटीच उरत नाही. ‘स्क्रेपी’ या चौकटीत ही आकडेवारी आपोआप जमते व काम संपताना लॉगमध्ये छापली जाते. मात्र तिथे फसलेली मागणी मूळ मांडणीनुसार आणखी दोनदा करून पाहिली जाते. त्यामुळे एकच पान तीन टाइमआउट दाखवू शकते. किती वेळा चुकले आणि किती पाने कायमची हुकली, हे दोन आकडे वेगळेच ठेवावेत.

मराठी माहितीची अडचण याहून खोल आहे. उदाहरणार्थ, ठाणे जिल्ह्यातील बदलापूर गाव उल्हास नदीजवळ, रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला आहे. नगरपरिषद मात्र कुळगाव-बदलापूर या जोडनावाची. कोष्टकात ‘बदलापूर’ शोधणाऱ्या प्रोग्रॅमला ‘कुळगाव-बदलापूर’ किंवा हिंदी वळणाचे ‘बदलापुर’ मिळाले की ‘की एरर’ येते. नुसता आकडा पाहणाऱ्याला ती माहितीच नसल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात नाव जुळलेले नसते. उलट, उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यातही बदलापूर आहे. तिथली नोंद ठाणे जिल्ह्यातील बदलापूरच्या नावावर चढली तर कोणतीच त्रुटी येत नाही.

आकड्यांचेही तसेच. देवनागरी अंक पायथॉनला वाचता येतात; ‘१७.५’चे संख्येत रूपांतर विनातक्रार होते. पण रकान्यात ‘निरंक’ लिहिलेले असेल तर ‘व्हॅल्यू एरर’ येते. सरकारी कागदात ‘निरंक’ ही व्यवस्थित दिलेली माहिती आहे. तिला बिघाडांत धरणे चूक. तिच्यासाठी स्वतंत्र रकाना हवा.

सर्वांत घातक चूक मूक असते. पानासोबत येणाऱ्या एचटीटीपी शीर्षमाहितीत वर्णसंचाचा उल्लेख नसेल, तर ‘रिक्वेस्ट्स’ एचटीएमएल मजकूर जुन्या लॅटिन संचातला मानून वाचते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचे असते. ते फुटून मजकुराचा निरर्थक अक्षरांचा ढीग होतो. एक्सेप्शन येत नाही, काउंटर शून्यावरच राहतो. म्हणून पान मिळाल्यावर त्यात देवनागरीची अक्षरे आहेत की नाहीत हे तपासावे आणि नसतील तर स्वतः एक्सेप्शन उभे करून तेही मोजावे. सगळ्या चुका पकडून काहीच न नोंदवणारी ‘एक्सेप्ट, पास’ ही सवय अशा कामात अक्षम्य मानावी.

बदलापूरकरांना नोंदीचे मोल सांगायला नको. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. पाऊस आणि नदीपातळीची माहिती जमवणाऱ्या स्क्रेपरमध्ये नेमक्या अशा पुराच्या वेळचे टाइमआउट दिवसाच्या एकूण बेरजेत बुडून जातात. अशा कामासाठी प्रकारासोबत तासवार गणनाही ठेवावी.