बेडकाच्या पिल्लाची शेपटी जाते कुठे?

आजच्या भागाची सुरुवात धडगावपासून. नंदुरबार जिल्हा, अक्राणी तालुका, सातपुड्याचे डोंगर. मृगाचे दोन-चार पाऊस झाले की डबक्यांत बेडकाची पिल्लं वळवळायला लागतात. गोल डोकं, मागे शेपटी. काही आठवड्यांत पाय फुटतात आणि शेपटी गायब! लहानपणी वाटतं, तुटून पडली असेल. पण डबकं कितीही ढवळा, पडलेली शेपटी काही सापडत नाही.

मग ती जाते कुठे? ह्याचं उत्तर शोधण्यात एका मुंबईकराचा मोठा वाटा आहे.

त्याआधी थोडं मागे जाऊ. वाढत्या प्राण्यातही पेशी मरतात, हे कार्ल फोग्ट यांनी 1842 मध्येच बेडकाच्या एका भाईबंदात पाहिलं होतं. 1912 मध्ये गुडरनाच यांनी पिल्लांना थायरॉइड ग्रंथी खायला घातली, तर ती वेळेआधीच बेडूक होऊ लागली. म्हणजे हुकूम थायरॉइडकडून येतो. मिठाच्या पुडीवर ज्याचं नाव असतं ना, ते आयोडीन ह्याच ग्रंथीच्या संप्रेरकात असतं.

पण हुकूम मिळाल्यावर शेपटी नुसती कुजते, की स्वतः काही करते?

इथे येतात जमशेद टाटा. जन्म 1930, मुंबई. लंडनच्या मिल हिल भागातल्या वैद्यकीय संशोधन संस्थेत ते काम करत होते. 1966 मध्ये त्यांनी एक साधा, पण नेमका प्रयोग छापला. पिल्लाची शेपटी कापून काचेच्या बशीत जिवंत ठेवली आणि वर थायरॉइडचं संप्रेरक घातलं. शरीर नाही, तरी शेपटी आकसू लागली! मग त्यांनी नवीन आरएनए आणि प्रथिनं बनणं थांबवणारी रसायनं घातली. आता विचार करा: शेपटी नुसती झिजत असती, तर काम बंद पडल्यावर ती आणखी लवकर संपायला हवी होती. झालं उलटंच. शेपटी टिकली!

अर्थ काय? मरण्यासाठीसुद्धा पेशीला कामाला लागावं लागतं, नवीन प्रथिनं बनवावी लागतात. त्याच सुमारास अमेरिकेत लॉकशिन आणि विल्यम्स रेशीमपतंगाच्या स्नायूंवर काम करत होते. ‘ठरलेलं पेशीमरण’ ही कल्पना त्यांनीच मांडली.

1972 मध्ये कर, वायली आणि करी यांनी अशा मरणाला नाव दिलं, ‘अपॉप्टोसिस’. ग्रीक भाषेत पानगळ! सातपुड्यातला साग आठवा. पान गळण्याआधी झाड त्यातला कस परत ओढून घेतं. शेपटीचंही तसंच. ती विरघळते आणि तिचा माल नव्या बेडकाच्या कामी येतो.

मग यंत्रणा सापडली एका मिलिमीटरभर लांबीच्या किड्यात. त्याच्या वाढीत 1090 पेशी तयार होतात आणि त्यातल्या बरोबर 131 मरतात, दर वेळी त्याच! रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेने त्यामागची जनुकं शोधली. सेड-3 म्हणजे कात्री, सेड-4 ती कात्री चालू करणारा, सेड-9 म्हणजे ब्रेक. 2002 चं नोबेल ह्याच किड्यावरच्या कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना मिळालं.

आणि आपण? आईच्या पोटात आपली बोटंही आधी जोडलेली असतात. मधल्या पेशी मरतात, तेव्हा ती सुटी होतात. किड्याच्या ब्रेकचा भाऊ आपल्यातही आहे, बीसीएल-2. तो सापडला रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये. 1988 मध्ये डेव्हिड व्हॉ यांनी दाखवलं की हे जनुक पेशींना मरू देत नाही. म्हणजे कॅन्सर फक्त वाढीचा रोग नाही. मरायचं विसरलेल्या पेशींचाही आहे. हा ब्रेक सोडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध 2016 पासून रुग्णांना मिळू लागलं.

तेव्हा यंदाच्या पावसात एखाद्या डबक्यापाशी जरा थांबा. आखूड होत चाललेली शेपटी दिसली, तर समजा, तिथे मोठं काम चालू आहे.

भेटू पुढच्या भागात!