'नाटकं करते' असं आम्हीही म्हणालो होतो

आज हप्ता आणि कर्ज बाजूला ठेवतो.

पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर गटाची मासिक सभा होती. वही लिहून झाली आणि एक बाई हळूच म्हणाली, "माझी पोरगी बोलतच नाही हो." पोरगी दहावीतली. २०२१ च्या पावसानंतर ती आधी घुमी झाली, मग चिडकी. रात्री टक्क जागी, सकाळी उठवत नाही, जेवणावर वासना नाही. शाळेचं नाव काढलं की पोटात दुखायचं. घरच्यांनी भगत केला, अंगारा लावला. आणि आम्ही? आम्ही म्हणालो, "नाटकं करते. उजवून टाका, सुधारेल आपोआप." असं म्हणणाऱ्यांत आम्ही बी.ए. झालेल्या सहयोगिनीही होतो.

ते बोलणं नंतर खात राहिलं, म्हणून आम्ही वाचायला बसलो. तेव्हा कळलं की डॉक्टरही बरीच वर्षं असेच चुकत होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतले पुष्कळ मानसोपचारतज्ज्ञ म्हणत, मुलांना नैराश्य येऊच शकत नाही, त्यांचं मन तेवढं पिकलेलंच नसतं. मग काही जण म्हणू लागले, येतं, पण झाकलेलं असतं. पोटदुखी, डोकेदुखी, उनाडपणा अशा रूपात दिसतं. पोटदुखी वाचली आणि आम्ही एकमेकींकडे बघितलं. १९७१ साली युरोपातल्या बालमानसोपचारतज्ज्ञांची परिषद स्टॉकहोमला याच विषयावर भरली. १९८० साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी निदानाची नवी नियमावली काढली, त्यात मोठ्यांच्या नैराश्याचे निकष मुलांनाही लागू झाले. मोठं माणूस उदास दिसतं तिथे वयात येणारं पोर नुसतं चिडचिडं दिसू शकतं, हेही पुढे मान्य झालं. म्हणजे आपण ज्याला उद्धटपणा म्हणतो, तो दर वेळी उद्धटपणाच असतो असं नाही.

आपल्या जवळचं मोठं काम गोव्यातलं. तिथे १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'संगाथ' ही संस्था काढली. शहरातल्या आणि खेड्यांतल्या १२ ते १६ वर्षांच्या २,०४८ मुलामुलींचा त्यांचा अभ्यास २००८ साली छापून आला. शंभरात दोनांहून थोड्या कमी मुलांना निदान होण्याजोगा मानसिक आजार निघाला. सगळ्यात जास्त चिंतेचा, त्याखालोखाल नैराश्याचा. पुढे २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या शंभरात सात निघाले. त्या सर्वेक्षणात बारा राज्यं होती, आपला महाराष्ट्र नव्हता. कुणाला कसं विचारलं यावर आकडा बदलतो, म्हणून आकड्यावर भांडण्यापेक्षा आजारासोबत काय काय आढळलं ते बघू. अभ्यास न जमणं, आसपास सुरक्षित न वाटणं, मारहाण-शिवीगाळ, तंबाखू. मुलगी म्हणून दुजाभाव सोसणाऱ्या मुलींत आजार जास्त. आणि अडचणीत पहिला आधार घरच्यांचा असं सांगणाऱ्या मुलांत आजार कमी. सिनेमा, पार्ट्या, मित्र-मैत्रीण हेही त्या यादीत होतं. म्हणून लगेच पोरींचं बाहेर जाणं बंद करू नका! दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही.

आपल्या भागाची गोष्ट मात्र गोव्याहून वेगळी आहे. आपल्याकडे डोंगर खाली येतो. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते. २२ जुलै २०२१ ला तळिये. पंचनाम्यात घर, गुरं, भातशेती येते. पोराची झोप गेली हे लिहायला रकाना नसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर डॉ. मोहन आगाशे आणि पुण्याच्या डॉक्टरांनी वाचलेल्या माणसांच्या मनाचा अभ्यास केला होता. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर वर्ष उलटून गेल्यावर १०८ किशोरवयीन मुलं तपासली गेली. पावहून जास्त मुलं धक्क्याच्या आजारात अडकलेली होती, आणि शंभरात सतरा-अठरांना नैराश्य होतं. पाणी ओसरून वर्ष झालं तरी! वाडीवरच्या पोरीला आम्ही चार महिन्यांतच "विसर आता" म्हणत होतो.

उपाय आहेत. २००४ साली अमेरिकेत नैराश्य असलेल्या १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर चाचणी झाली. गोळ्या आणि शास्त्रशुद्ध समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांत बारा आठवड्यांत शंभरात ७१ सुधारले, नुसती खोटी गोळी मिळालेल्यांत ३५. गोळ्या डॉक्टरच्या सांगण्यावरूनच घ्यायच्या आणि मनाने थांबवायच्या नाहीत. ऐकून घ्यायला मात्र डॉक्टरच लागतो असं नाही. गोव्यातल्या सरकारी आरोग्यकेंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांमुळे मोठ्या वयाचे रुग्ण जास्त प्रमाणात बरे झाले, हे २०१० साली छापून आलं. आणि नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ४१ गावांत 'आत्मीयता' हा उपक्रम झाला. त्यात ऐकून घेणारी, धीर देणारी, दवाखान्यापर्यंत सोबत जाणारी माणसं गावातलीच, बचतगटांतून आणि शेतकरी मंडळांतून घेतलेली. आपल्यासारखीच!

सरकारच्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात २०१४ पासून १० ते १९ वयाच्या मुलांच्या मनाचं आरोग्यही धरलेलं आहे. आशाताईंना विचारा. १४४१६ हा टेली-मानसचा फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पोर मरणाची भाषा बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वाडीवरच्या पोरीला आम्ही दोघी आणि तिची आई अलिबागला घेऊन गेलो. पहाटेच्या एसटीने. डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलले, आई बाहेर बाकड्यावर बसली. बाहेर आल्यावर पोरगी काय बोलली ते आईने विचारलं नाही, वडापाव घेऊन दिला. त्या वर्षीची दहावी हुकली. पुढच्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून ती परीक्षेला बसली. पाऊस जोरात लागला की अजून ती रात्री उठून दार उघडते, डोंगराकडे बघते. आई तिच्याबरोबर उठते आणि चहा टाकते.