चढाईचा भार आणि चढाईपटूचा टिकाऊपणा

कबड्डीत एका खेळाडूने सामन्यात, स्पर्धेत किंवा हंगामात केलेल्या चढाया आणि त्या करताना त्याच्या अंगावर झालेल्या पकडी यांचा एकूण ताण म्हणजे चढाईचा भार. हा ताण सोसून तो किती वर्षे त्याच चपळाईने खेळतो, यावर त्याचा टिकाऊपणा ठरतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू काखेत मारून प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीत घुसणाऱ्या ‘रनिंग बॅक’बद्दल हीच चर्चा पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. त्याची प्रत्येक धाव तिथे नोंदली जाते आणि त्या आकड्यावर त्याचा करार ठरतो. महाराष्ट्रात चढाईपटूचे कौतुक भरपूर होते. त्याच्या अंगावर पडणाऱ्या भाराचा हिशेब मात्र मोठ्या लीगच्या बाहेर फारसा कोणी ठेवत नाही.

पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो आणि एका चढाईला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. म्हणजे ४० मिनिटांत दोन्ही संघांच्या मिळून ऐंशीच्या आसपास चढाया होतात आणि एका संघाच्या वाट्याला चाळीस येतात. मुख्य चढाईपटूने त्यातल्या निम्म्या उचलल्या, तर सामन्याला वीस. प्रो कबड्डी लीगच्या अनेक हंगामांत संघाला साखळीत २२ सामने खेळावे लागले. त्या हिशेबाने एका हंगामात चारशेच्या वर चढाया एकट्याच्या अंगावर येऊ शकतात. अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये एका हंगामातील सर्वाधिक धावांचा विक्रम लॅरी जॉन्सनचा आहे: २००६ मध्ये ४१६. पुढच्याच वर्षी त्याचा पाय मोडला आणि निम्मा हंगाम बुडाला.

दोन्ही आकडे शेजारी ठेवताना फरकही सांगायला हवा. रनिंग बॅकची जवळजवळ प्रत्येक धाव आडवे पडण्यात संपते, तर चढाईपटूच्या कित्येक चढाया कोणी अंगाला न लागता परततात. उलट बाजूने पाहिले तर रनिंग बॅकच्या अंगावर शिरस्त्राण आणि खांद्यांचे कवच असते, त्याचा सामना बहुधा आठवड्यातून एकदा होतो आणि प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू गेला की तो बाकावर बसून पाणी पितो. चढाईपटू बनियन-चड्डीत खेळतो आणि चढाई संपल्याबरोबर स्वतःच्या क्षेत्रात साखळीत उभा राहतो. त्याला विश्रांती मिळते ती बाद झाल्यावर, आणि तीही सहकाऱ्याने गुण मिळवून त्याला जिवंत करेपर्यंतच. लीगमध्ये दोन सामन्यांत कधी दोन दिवसांचेही अंतर नसते.

सगळ्या चढाया सारख्या नसतात, म्हणून नुसत्या संख्येवरून भार कळत नाही. निदानरेषा ओलांडून माघारी येणारी रिकामी चढाई शरीराला फारशी महाग पडत नाही. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ची होते. तिच्यात गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद होतो, म्हणून आत घुसण्यावाचून गत्यंतर नसते. ही चढाई कोणाच्या वाट्याला येते हे सगळ्या मैदानाला ठाऊक असते. समोरचे सातही जण त्याच्यासाठीच टपून बसलेले असतात.

अशा एका चढाईत शरीराचे काय होते ते पाहावे. चढाईपटू बोनसरेषेकडे एक पाय लांबवतो, दुसरा पाय मागे अधांतरी ठेवतो. कोपरारक्षक जमिनीलगत झेपावून त्याचा घोटा दोन्ही हातांनी धरतो. चढाईपटू मध्यरेषेच्या दिशेने धड वळवतो, पण धरलेले पाऊल वळत नाही. वरचे शरीर फिरते, खालचा पाय जागेवर राहतो आणि मधला गुडघा पिळला जातो. त्याच क्षणी मध्यरक्षक कमरेवर आदळतो, पाठोपाठ तिसरा मांडी धरतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर पुरुष खेळाडूची वजनमर्यादा ८५ किलो आहे. तिघे अंगावर आले तर दोनशे किलोंहून अधिक वजनाचा रेटा त्या एका शरीराला झेलावा लागू शकतो. तरीही तो हात लांबवून मध्यरेषेला शिवायचा प्रयत्न करतो आणि पूर्ण ताणलेल्या खांद्यावर मागून ओढणाऱ्यांचा जोर पडतो. कबड्डीतल्या मोठ्या दुखापती गुडघ्याचे अस्थिबंध, गुडघ्यातली गादी, घोटा आणि खांदा याच जागी का होतात, ते एवढ्यावरून समजावे. गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध पूर्ण तुटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली, तर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष जाते.

मैदानाचाही यात वाटा आहे. तांबड्या-काळ्या मातीत पाऊल थोडे सरकते आणि पिळाचा काही जोर मातीत जिरतो. रबरी मॅटवर बुटाची पकड घट्ट बसते, त्यामुळे वेग वाढतो, पण अडकलेला पाय सुटत नाही. मातीवर घडलेल्या मुलाला एकदम मॅटवर उतरवणे म्हणून धोक्याचे असते. त्याचे डाव मातीच्या अंदाजाने बसलेले असतात.

खेळण्याच्या पद्धतीनेही आयुष्य कमी-जास्त होते. प्रो कबड्डी लीगमधल्या यू मुंबा संघाचा पहिला कर्णधार अनुप कुमार बोनस, पायाचा स्पर्श आणि प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची वाट पाहणे यांवर खेळत असे. २०१६ च्या विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले तेव्हा तो तेहतिशीला टेकला होता आणि निवृत्त झाला तो २०१८ च्या डिसेंबरमध्ये, पस्तिशीत. हरयाणाच्या परदीप नरवालचे हत्यार ‘डुबकी’ होते: पकडीच्या साखळीखालून कमरेत वाकून निसटायचे. २०१७ च्या पाचव्या हंगामात त्याने २६ सामन्यांत ३६९ चढाई गुण मिळवले. १९० सामन्यांत १,८०१ चढाई गुणांची त्याची कारकीर्द लीगमध्ये अजोड आहे. २०२५ च्या लिलावात मात्र त्याच्यावर कोणी बोली लावली नाही आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. वयाने तरुण असलेला चढाईपटू चढायांच्या हिशेबाने म्हातारा झालेला असू शकतो, हे या उदाहरणातून फार स्पष्ट दिसते.

महाराष्ट्राच्या चढाईपटूंत सिद्धार्थ देसाईची कारकीर्द या विषयासाठी सर्वांत बोलकी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा हा धिप्पाड खेळाडू २०१८ च्या सहाव्या हंगामात यू मुंबाकडून पहिल्यांदा उतरला आणि त्याने २१ सामन्यांत २१८ चढाई गुण घेतले. प्रेक्षकांनी त्याला ‘बाहुबली’ म्हटले. पुढच्या हंगामासाठी तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाख रुपये मोजले आणि त्याने पुन्हा दोनशेचा टप्पा ओलांडला. त्याची ताकद पकडीतून निसटण्यात नव्हती, पकड अंगावर घेऊन दोन-तीन गड्यांसह मध्यरेषेपर्यंत रेटत येण्यात होती. टाळ्या याच चढायांना पडतात आणि शरीर झिजवतात त्याही याच. आठव्या हंगामात सुरुवातीच्या मोजक्या सामन्यांनंतर दुखापतीने त्याला बाहेर बसावे लागले. तो परतला, खेळत राहिला, पण पहिल्या दोन हंगामांतला तो सलग झंझावात पुन्हा तसा दिसला नाही. माझ्या मते यात त्याच्या शरीराचा दोष शोधणे अन्यायाचे आहे. दोन वर्षे दोन संघांचा बहुतेक हल्ला एका माणसाच्या खांद्यावर होता.

सांगली जिल्ह्यातल्या काशिलिंग आडकेने २०१५ च्या दुसऱ्या हंगामात सर्वाधिक चढाई गुण मिळवले, तेव्हा दबंग दिल्लीचा हल्लाही असाच एकट्यावर उभा होता. मुंबईच्या रिशांक देवाडिगाने २०१७ मध्ये यूपी योद्धाकडून एकाच सामन्यात २८ चढाई गुणांचा तेव्हाचा विक्रम केला. लीग संपली म्हणून भार संपला नाही: काही महिन्यांत, जानेवारी २०१८ मध्ये, त्याच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबादला सेनादलाला हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद आणले.

भार वाटून घेण्याचा धडा पुणेरी पलटणने दिला. दहाव्या हंगामात, मार्च २०२४ मध्ये, पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा सर्वाधिक चढाई गुण मिळवणाऱ्या पहिल्या पाचांत त्यांचा एकही खेळाडू नव्हता. कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते आणि आकाश शिंदे असे चौघे आलटून पालटून जात. समोरच्या संघाला एकाच्या सवयी पाठ करून भागत नसे आणि कोणाच्याही पायांवर साऱ्या हंगामाचे ओझे पडत नसे. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या या रचनेला मी अलीकडच्या कबड्डीतला सर्वांत शहाणा निर्णय मानतो. अर्थात वाटणी म्हणजे अभयदान नव्हे: पुढच्याच हंगामात अस्लमला गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर व्हावे लागले.

दुखापत चढाईतच होते असेही नाही. पवन सेहरावतला ऑगस्ट २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतले होते. पहिल्याच सामन्यात बचाव करताना, प्रतिस्पर्ध्याला धरायला जाताना, त्याचा गुडघा गेला आणि पूर्ण हंगाम बुडाला. मुख्य चढाईपटूला पकडीच्या पहिल्या फळीत उभे करू नये, असे जुने प्रशिक्षक सांगतात त्यामागे हेच कारण आहे. पवनने घाई न करता पुनर्वसन पूर्ण केले आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताचे कर्णधारपद सांभाळून सुवर्णपदक जिंकले. अस्लम आणि आकाश शिंदे त्या संघात होते.

सर्व शरीरे एकाच मापाची नसतात हेही खरे. अमेरिकेत एमिट स्मिथ १५ हंगामांत ४,४०९ वेळा चेंडू घेऊन धावला. डेरिक हेन्रीने २०२० मध्ये ३७८ धावा अंगावर घेतल्या, पुढच्या वर्षी त्याच्या पायाचे हाड मोडले, तरी २०२४ मध्ये तिशीत असताना त्याने १,९२१ यार्डांची मजल मारली. पण अशा अपवादांकडे बोट दाखवून बाकीच्यांना दामटणे हा मोठा अपराध आहे.

लीगमधल्या खेळाडूजवळ निदान फिजिओ असतो. गावच्या चढाईपटूची स्थिती वेगळी आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले श्रीपूर घ्या. पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचे हे गाव, महाळुंगला लागून, चहूबाजूंनी ऊस. या साऱ्या ऊसपट्ट्यात गाळपाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. यात्रा-जत्रांमधल्या कबड्डी स्पर्धाही बहुतांशी याच महिन्यांत होतात. दिवसा उसाच्या मोळ्या वाहणारा, किंवा शेतीची वीज रात्री आली म्हणून पहाटेपर्यंत दारे धरणारा पोरगा संध्याकाळी मैदानावर उतरतो. बाद पद्धतीच्या स्पर्धेत संघ जिंकत गेला तर एकाच रात्री तीन-चार सामने होतात, आणि बक्षिसाचा सामना मध्यरात्रीनंतर, थंडीत, अंग आखडलेल्या अवस्थेत. जिंकणारा संघ सर्वांत जास्त सामने खेळतो आणि त्या संघाचा चढाईपटू सर्वांत जास्त चढाया करतो. भाराच्या दृष्टीने यश हीच इथे शिक्षा होते.

वजनी गटांच्या स्पर्धांत आणखी एक घातक चाल आहे. ५५ किंवा ६५ किलोंच्या गटात बसण्यासाठी मुले सकाळपासून पाणी तोंडात घेत नाहीत, दोन दोन शर्ट घालून धावतात आणि वजन भरल्यावर काही तासांत खेळायला उभी राहतात. पाणी कमी झालेला स्नायू लवकर थकतो, पायात गोळे येतात आणि थकलेला स्नायू सांध्याला आधार देऊ शकत नाही. ही पद्धत ताबडतोब थांबली पाहिजे.

टिकाऊपणा वाढवण्याचे उपाय खर्चिक नाहीत. मांडीच्या मागच्या स्नायूची आणि कमरेची ताकद, एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव, दोन सामन्यांमध्ये अंग गरम ठेवणे, पाणी, झोप आणि दुखरा पाय घेऊन न खेळण्याची परवानगी. ही शेवटची गोष्ट मिळणे सर्वांत अवघड. गावाची इभ्रत पणाला लागलेली असताना ‘माझा गुडघा दुखतोय’ हे वाक्य विशीतल्या मुलाच्या तोंडून निघत नाही. ते प्रशिक्षकाने त्याच्या चालण्यावरून ओळखायचे असते.

स्थानिक स्पर्धांच्या गुणतक्त्यात कोणी किती चढाया केल्या आणि किती वेळा पकडला गेला, याचा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी आणि संघाच्या प्रशिक्षकांनी यंदापासून तो एक रकाना आखावा आणि रात्रीच्या तिसऱ्या सामन्याआधी त्यावर नजर टाकून मगच पहिल्या चढाईला कोणाला पाठवायचे ते ठरवावे.